कार्टून मालिकेचा दिग्दर्शक व्हायला सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: मुलगी बारावीला आहे, आम्ही कोथरूडला असतो. ती कार्टूनच करणार म्हणते. सॉफ्टवेअरचा क्लास लावू का?

उत्तर: ताई, आधी हात तयार होऊ द्या. मी पहिली दोन वर्षं फक्त इनबिट्वीन केलं, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं. लाइट टेबलवर (खालून उजेड येणारं चित्रं काढायचं टेबल) एका पापणीची उघडझाप सात वेळा खोडून काढली होती, अजून आठवते. पुढे की-पोझेस, म्हणजे ती मुख्य चित्रं, मग स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्ट चौकटी-चौकटींत चित्रांनी मांडणं. दिग्दर्शन खरं तिथेच शिकलो: कट कुठे, थांबायचं किती. दिग्दर्शक गेन्डी टार्टाकोव्स्कीची १९९६ची कार्टून मालिका ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’सुद्धा त्याच्या कॉलेजातल्या छोट्या फिल्ममधूनच उभी राहिली.

दुसरं उत्तर: सहमत. रविवारी तिला वही देऊन सारसबागेत बसवा. पळणारी पोरं, कणीस भाजणाऱ्या मावशींचा पंखा हलवणारा हात, हेच काढू दे.

प्रश्नकर्ती: आणि पोर्टफोलिओत काय ठेवायचं?

उत्तर: चालण्याचं एक आवर्तन (पुन्हा पुन्हा फिरवता येईल अशी चाल), एक स्टोरीबोर्ड आणि ही स्केचची वही. वही नक्की ठेवा, मी मुलं निवडताना तीच आधी उघडतो.