महायुद्धांच्या जुन्या चित्रफिती रंगवाव्यात का?

रीळवेडा

पहिल्या महायुद्धातलं फुटेज रंगवून, 'फोर-के' करून, तोफांचे आवाज घालून सगळीकडे फिरतंय. खाली कौतुकाचा पाऊस: "माणसं जिवंत झाली!" मला हे अजिबात पटत नाही.

त्या काळची बहुतेक फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल वस्तू काळपट उमटायची, निळं आकाश पांढरंफटक. त्यामुळे करड्या छटेवरून मूळ रंग शोधून काढणं शक्यच नाही. गणवेशाचा रंग संग्रहालयातला गणवेश पाहून घेता येईल, पण त्या पोराच्या डोळ्यांचा रंग कोणीतरी ठरवलेला असतो. त्याहून वाईट ती यंत्राने आणलेली 'स्पष्टता'. चेहरा धूसर असला की सॉफ्टवेअर तिथे पटण्यासारखे नाक-डोळे बसवतं. खरा माणूस गेला, आणि जो कधी नव्हताच असा कुणीतरी आपल्याकडे बघत राहिला.

हॉलंडमधल्या वेस्टरबोर्क छावणीत (इथून ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवत) १९४४ मध्ये जर्मन कमांडंटच्या हुकमावरून रुडॉल्फ ब्रेसलाउअर या कैद्याने चित्रण केलं. (पुढे त्यालाही आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवलं.) त्यात मालगाडीच्या दारातून बाहेर बघणारी, डोक्याला फडकं बांधलेली एक मुलगी दिसते. कित्येक वर्षं ती एक अनामिक ज्यू मुलगी समजली जायची. १९९४ मध्ये कळलं की ती सेटेला स्टाइनबाख, सिंती (रोमा म्हणजे 'जिप्सीं'पैकी एका) समाजातली, आउश्वित्झमध्ये मारली गेलेली. त्या फितीतल्या एका सुटकेसवर नाव आणि जन्मतारीख होती, त्यावरून ती गाडी १९ मे १९४४ ची हे ठरलं. सुटकेसवरची ती पुसट अक्षरं सॉफ्टवेअरने 'सुधारली' असती तर?

पडदा

तीव्र असहमत. तुम्ही ज्याला 'मूळ' म्हणता ते तरी कुठे निर्मळ आहे? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झालेल्या सोमच्या लढाईवरचा ब्रिटिश माहितीपट ऑगस्ट १९१६ मध्ये लागला आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे २ कोटी तिकिटं खपली. त्यातलं सर्वांत गाजलेलं दृश्य म्हणजे सैनिक खंदकातून वर चढतात आणि एकजण कोसळून खाली घसरतो. ते आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी मुद्दाम घडवून आणलेलं होतं असं अभ्यासक मानतात. ते तर कृष्णधवलच होतं ना?

वेगाचंही तेच. कॅमेरे हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी (फ्रेम), त्याही कमीजास्त. नंतर २४ च्या वेगाने दाखवल्यावर सैनिक तुरुतुरु पळताना दिसू लागले आणि मरायला निघालेल्या माणसांना प्रेक्षक हसले. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी २०१८ मध्ये इंपीरियल वॉर म्युझियमच्या फिती घेऊन वेग सुधारला, ओठवाचन करणाऱ्यांकडून सैनिकांचे शब्द ओळखून घेतले, रंग दिला. त्या पोरांचं खरं वय मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. विशीतल्या मुलांनी हे बघावं असं वाटत असेल तर त्यांना पाच मिनिटं बसवेल असं काहीतरी द्यावं लागेल.

रीळवेडा

वेग सुधारणं मान्य, आनंदाने. ती दुरुस्ती आहे, भर नव्हे. पण सोमचं दृश्य बनावट आहे हे कळलं कशावरून? तज्ज्ञांनी मूळ फितीतली जागा, तारांची कुंपणं, सैनिकांच्या पाठीवरचं सामान एकेक चौकट थांबवून तपासलं म्हणून. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

एक वाचक

तुम्ही दोघं रंगावर भांडताय. कॅमेरा कोणाच्या हातात होता हे कोणी विचारायचं? मे १९४२ मध्ये जर्मन पथकाने वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, चित्रण केलं. सुखवस्तू ज्यू रस्त्यावरच्या भुकेल्यांकडे न बघता पुढे जातात, असे प्रसंग बळजबरीने उभे केले. ही फीत पुढे अनेक माहितीपटांत सरळ वास्तव म्हणून वापरली गेली. वगळलेल्या दृश्यांचं एक रीळ १९९८ मध्ये सापडलं, त्यात एकच प्रसंग पुन्हा पुन्हा घेतलेला दिसतो. त्यातल्या बहुतेकांना काही महिन्यांत ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. त्यांनी चित्रणाला होकार दिला नव्हता. माझं स्पष्ट मत: हे फुटेज फक्त अभ्यासासाठी असावं, कुठल्याही माहितीपटात भरीला वापरू नये.

पडदा

हे फार धोकादायक आहे. बेर्गन-बेलसन ही नाझी छळछावणी एप्रिल १९४५ मध्ये मुक्त झाल्यावर ब्रिटिश लष्कराच्या कॅमेरामननी तिथलं सगळं टिपलं. छावण्यांचं चित्रण २९ नोव्हेंबर १९४५ ला न्यूरेम्बर्गच्या न्यायालयात नाझी आरोपींसमोर दाखवलं. प्रेतांना तरी कुठे विचारलं होतं? ते कपाटात बंद राहिलं असतं तर आज हे घडलंच नाही म्हणणाऱ्यांचं किती फावलं असतं!

एक वाचक

बेलसनला कॅमेरा मुक्त करणाऱ्यांचा होता, वॉर्सात मारणाऱ्यांचा. दोन्ही एकाच मापाने मोजू नका, एवढंच म्हणतोय.

खंदक

एक वेगळी बाजू. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी आघाड्यांवर गेले. चित्रफितींत ते दिसतात, पण नोंदीत बहुधा "भारतीय सैनिक" किंवा फार तर पलटणीचं नाव. रंग द्यायला पैसा आहे, तर तोच पलटणींचे बिल्ले, ठिकाणं, तारखा जुळवून नोंदी भरायला का लावत नाहीत? आणि बिल्ला यंत्राने गुळगुळीत केला की ते कामही संपलं.

रीळवेडा

पूर्ण सहमत. माझी मागणी आता नेमकी सांगतो: रंगवलेल्या प्रत्येक फितीवर शेवटपर्यंत दिसेल अशी पाटी हवी. कोणी चित्रित केलं, कधी, कोणाच्या हुकमाने, काय नंतर घातलं. आणि मूळ प्रत त्याच पानावर, फुकट.

पडदा

पाटी आणि मूळ प्रत, दोन्ही मान्य. चेहरे बनवणारं सॉफ्टवेअर बंद करा, तेही मान्य. पण माणसाने गणवेश, पदकं, मातीचे नमुने अभ्यासून दिलेल्या रंगाला मी खोटं म्हणणार नाही, आणि माझ्या वर्गात तीच आवृत्ती आधी दाखवेन.