शब्दचर्चा: ‘तडजोड’ कुणाच्या तोंडी शोभते?

धागाकर्ती:
अमेरिकेत २०११ साली सरकारी खर्चावरून जे रण माजलं त्यावर एका मासिकासाठी लेख लिहितेय. एका वाक्यापाशी दोन दिवस अडले आहे. डिसेंबर २०१० मध्ये रिपब्लिकन पक्षाचे जॉन बेनर (स्पेलिंग पाहून ‘बोहनर’ लिहू नका, उच्चार ‘बेनर’च आहे) प्रतिनिधिगृहाचे, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहाचे, सभापती व्हायच्या बेतात होते. ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात लेस्ली स्टाल यांनी त्यांना छेडलं, की तुम्ही ‘कॉम्प्रमाइज’ म्हणायला का कचरता? बेनर म्हणाले, तो शब्दच मला मान्य नाही. लोक तो ऐकतात आणि त्यांना वाटतं, झालं, आता हे आपला सौदा करणार. ‘कॉमन ग्राउंड’ शोधू म्हणालात तर चालेल.

‘कॉम्प्रमाइज’ला ‘तडजोड’ ठेवली तर ‘कॉमन ग्राउंड’ला काय ठेवू? ‘सहमती’ लिहून पाहिलं. मग वाचणारा विचारतो, दोन्हीत फरक काय, आणि या माणसाला एवढा राग कसला आला?

जुना अनुवादक:
राग समजून घ्यायचा तर आधी आपली ‘तडजोड’ नीट पाहा, ताई. या शब्दाला दोन तोंडं आहेत आणि कुठलं तोंड पुढे आहे ते प्रत्ययावरून कळतं. ‘दोघांत तडजोड झाली’ म्हटलं की बरं वाटतं. लोकअदालतीच्या बातमीत प्रकरणं ‘तडजोडीने निकाली’ निघतात तेव्हा कुणाची मान खाली जात नाही. पण ‘-शी’ लावून बघा: तत्त्वांशी तडजोड, दर्जाशी तडजोड, सुरक्षेशी तडजोड. हा ‘-शी’ आला की तडजोड हा गुन्हाच. असल्या वाक्यात पुढे बहुधा ‘नाही’ येतं, किंवा ‘केल्याचा आरोप’.

तेव्हा बेनर ‘-त’वाली तडजोड करायला निघाले होते आणि त्यांना निवडून देणाऱ्यांना ‘-शी’वाली ऐकू येत होती. इंग्रजीतही त्या शब्दाला हीच दोन तोंडं आहेत. मराठीत तुम्हाला ती प्रत्ययाने दाखवता येतील, ही तर सोयच झाली.

चाळकरी:
आमच्याकडे तिसरी तडजोड आहे. सिग्नल तोडल्यावर चलनावर येणारी ‘तडजोड रक्कम’. त्यात तत्त्व नाही, दोघंही नाहीत. फक्त आपण.

मुंबईकर:
‘मांडवली’ कुणी सुचवायच्या आत सांगतो, नको. मांडवली म्हटली की मध्ये एक भाई लागतो, आणि तिच्यात दोन्ही बाजूंपेक्षा त्याचाच फायदा जास्त.

धागाकर्ती:
प्रत्ययाचा मुद्दा पटला. मग ‘कॉमन ग्राउंड’?

जुना अनुवादक:
आपल्या राजकारणाने याला आधीच शब्द काढून ठेवलाय. आघाड्यांचा ‘किमान समान कार्यक्रम’ आठवा. २०१९ साली शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस एकत्र आले तेव्हा कुणीही ‘आम्ही तडजोड केली’ म्हटलं नाही. समान कार्यक्रम ठरला, म्हणाले. काम तेच, नाव सोवळं. बेनर यांच्या तोंडी ‘समान मुद्दे शोधू’ घाला. वाचकाला लगेच कळेल की माणूस काय टाळतोय.

नागपूरकर:
मला वेगळीच शंका आहे. लेखाच्या मसुद्यात तुम्ही ‘८७ नवनिर्वाचित पुराणमतवादी बंडखोर’ लिहिलंय. यातले तीनही शब्द चुकले आहेत.

‘नवनिर्वाचित’ म्हणजे नुकत्याच झालेल्या निवडणुकीत निवडून आलेला, मग तो सहाव्यांदा का आलेला असेना. तुम्हाला २०१० च्या निवडणुकीत पहिल्यांदाच आलेले रिपब्लिकन म्हणायचेत. ‘नवखे’ म्हटलं तर काहीच कळत नाही असा वास येतो. ‘पहिलटकर’ हा छान शब्द होता, पण तो बाळंतिणीसाठी राखीव. सरळ ‘पहिल्यांदाच निवडून आलेले’ लिहा, दुसऱ्या वाक्यापासून ‘नवे सदस्य’.

‘पुराणमतवादी’ने डोळ्यांपुढे सोवळं आणि शेंडी येते. ही मंडळी खर्चावरून भांडत होती. त्यांच्या चळवळीचं नाव टी पार्टी, बॉस्टनच्या बंदरात १७७३ साली कराच्या रागाने चहाच्या पेट्या फेकल्या त्यावरून घेतलेलं. रूढी-परंपरा हा भांडणाचा विषय असता तर शब्द चालला असता. ‘खर्चकपातीवर ठाम असलेले उजवे’ लांब आहे, पण खरं आहे.

आणि ‘बंडखोर’ म्हटलं की मराठी वाचकाला एक तर तिकीट नाकारल्यावर अपक्ष उभा राहिलेला दिसतो, नाही तर आमदार घेऊन गुवाहाटीला गेलेला. या लोकांनी पक्ष सोडला नाही, फोडलाही नाही. पक्षात राहून नेत्याचं ऐकलं नाही, एवढंच.

कायद्याचा विद्यार्थी:
यालाच जोडून. ‘व्हिप झुगारला’ असंही लिहू नये. आपल्याकडे पक्षादेश झुगारला की आमदारकी-खासदारकी जाऊ शकते, कारण १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती, म्हणजे पक्षांतरबंदी. अमेरिकेत असा कायदाच नाही. तिथला प्रतोद विनवतो, समजावतो, मतं मोजतो. नेत्याने फार तर समितीतून काढायचं. तसं डिसेंबर २०१२ मध्ये चौघांना काढलंही. पूर्वी गाजर तरी होतं, तुझ्या मतदारसंघातल्या पुलाला पैसे देतो, मत दे. २०१० च्या निवडणुकीनंतर रिपब्लिकनांनी ती सोय स्वतःच बंद केली. गाजर नाही, छडीही नाही.

सदस्यांना खरी भीती खालून, म्हणजे आपल्याच पक्षाच्या कार्यकर्त्या-मतदारांची होती. युटाचे सिनेटर बॉब बेनेट यांना २०१० साली त्यांच्याच पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारी नाकारली गेली. पुढे २०१४ मध्ये सभागृहनेते एरिक कँटर पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. मराठीत याला ‘तिकीट कापलं’ म्हणावंसं वाटतं, पण आपल्याकडे तिकीट वरून कापतात. तिथे खालून कापतात.

बँकेतून निवृत्त:
शब्द झाले, आता आकडे तपासा. मसुद्यात ‘१०० अब्जांची कपात मंजूर’ असं आहे. तसं झालेलं नाही. १०० अब्ज डॉलर हे प्रचारातलं वचन. नेत्यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये आधी कमी आकडा आणला, नवे सदस्य अडून बसले, मग १९ फेब्रुवारीला सभागृहाने सुमारे ६१ अब्जांची कपात मंजूर केली. ते डेमोक्रॅटांच्या हाती असलेल्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, टिकणारं नव्हतंच. ८ एप्रिलच्या रात्री, सरकारी कचेऱ्या बंद पडायला तासभर उरला असताना सुमारे ३८.५ अब्जांवर सौदा ठरला. १४ तारखेला मतदान झालं तेव्हा ५९ रिपब्लिकन विरोधात गेले.

गंमत पुढे आहे. संसदेच्या स्वतःच्या अंदाजपत्रक कार्यालयाने हिशेब मांडला, की या ३८.५ अब्जांमुळे त्या वर्षी तिजोरीतून प्रत्यक्ष जाणारा पैसा साधारण ३५.२ कोटी डॉलरनेच कमी होईल. म्हणून ‘कपात’ लिहिताना जपा. एक कपात मंजुरीतली, एक खर्चातली. गेली दोन वर्षं न वापरलेली तरतूद रद्द केली तर कागदावर कात्री चालते, कापड आहे तेवढंच राहतं. मी चाळीस वर्षं शाखेचं बजेट केलं आहे, ही कात्री ओळखतो.

नागपूरकर:
काका, म्हणजे अडून बसलेल्यांचा संशय अगदीच खोटा नव्हता!

बँकेतून निवृत्त:
नव्हता. पण जुलैत ते ज्यावर अडले तिथे माझी सहानुभूती संपते. ‘कर्जमर्यादा वाढवणे’ ऐकून वाटतं की नवा खर्च चाललाय. तसं नसतं. किराणा घरी आलाय, भाकरी खाऊन झाली, आता वाण्याची उधारी द्यायची की नाही एवढाच सवाल. तेव्हा मर्यादा १४.३ लाख कोटी डॉलरची होती, मुदत २ ऑगस्टची. बेनर यांना स्वतःच्याच विधेयकावरचं मतदान एक दिवस पुढे ढकलावं लागलं. २९ जुलैला ते २१८ विरुद्ध २१० ने निघालं, २२ रिपब्लिकन तरीही विरोधात. शेवटचा तोडगा १ ऑगस्टला २६९-१६१ ने. ५ ऑगस्टला स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेने अमेरिकेची पत सर्वोच्च ट्रिपल ए वरून एका पायरीने खाली आणली.

आणि एक. शेवटच्या मतदानात नव्यांपैकीही बहुतेकांनी बाजूनेच मत दिलं, विरोधात गेलेल्या ६६ रिपब्लिकनांत जुनेही भरपूर होते. ‘नव्यांनी अडवलं’ हे अर्धंच खरं आहे.

जुना अनुवादक:
‘अडून बसले’ हे क्रियापद निवृत्त साहेबांनी सहज वापरलं, तेच धरून ठेवा. आपल्याकडे या एका वागण्याला विशेषणांची रांग आहे: बाणेदार, ठाम, ताठर, हेकट, आडमुठा. वागणं तेच, फक्त बोलणारा बदलतो. आपला माणूस बाणेदार, शेजारचा आडमुठा. बातमीदाराला यातलं एकही नको. अडून बसले, हटले नाहीत, बास.

न्यू जर्सीकर:
‘शटडाउन’ला ‘टाळेबंदी’ लिहू नका, प्लीज. आधी ती गिरणीमालकाची होती, २०२० पासून करोनाची झाली. २०१३ च्या ऑक्टोबरात इथे १६ दिवस शटडाउन होता, तोही याच गटाच्या आग्रहाने, राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्य कायद्याचा पैसा रोखायचा म्हणून. नेमके तेव्हाच सासू-सासरे सांगलीहून आले होते. स्वातंत्र्यदेवीच्या बेटावर उतरायला बंदी, बोट फक्त भोवती फिरवून परत. सासरे सगळा वेळ विचारत होते, ‘सरकार पडलं का?’ मी म्हटलं, ‘नाही बाबा, बंद पडलंय.’ ‘मग ओबामा?’ ‘ते आहेत.’ त्यांना काही केल्या पटेना. पुढे १३ तारखेला न्यूयॉर्क राज्याने पदरचे पैसे भरून बेट उघडलं, तोवर हे दोघं नायगाराला पोचले होते.

कायद्याचा विद्यार्थी:
तुमच्या सासऱ्यांनी दोन्ही राज्यघटनांमधला फरक दोन शब्दांत पकडला! आपल्याकडे लोकसभेने अनुदानाची मागणी फेटाळली तर मंत्रिमंडळावरचा विश्वासच उडाला असं धरतात, सरकार ‘पडतं’. तिथे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून आलेला, तो पडत नाही. पैशाची मंजुरी संपली की कचेऱ्या ‘बंद पडतात’. म्हणूनच आपल्याला त्या गोष्टीसाठी कधी शब्द लागला नाही. त्यांच्या तात्पुरत्या मंजुरीसाठी मात्र ‘लेखानुदान’ बऱ्यापैकी जवळ जातं. तंतोतंत नाही, पण वाचकाला दिशा मिळते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं झालंय:

‘तडजोड हा शब्दच बेनर यांना नको होता. डेमोक्रॅटांशी बसून समान मुद्दे शोधायला त्यांची ना नव्हती. पण दोन पक्षांतली तडजोड म्हटली, की पहिल्यांदाच निवडून आलेल्या त्यांच्या सदस्यांना आणि त्यांच्या मतदारांना ती तत्त्वांशी केलेली तडजोड वाटे.’

‘पुराणमतवादी’ आणि ‘बंडखोर’ काढले, कपातीचे आकडे दुरुस्त केले. ‘टाळेबंदी’ मात्र संपादकांनी मथळ्यात आधीच टाकलीय आणि ते त्यावर अडून बसले आहेत.

मुंबईकर:
समान मुद्दे शोधा.