ट्यूब अ‍ॅम्प + लोड बॉक्स: घरात रेकॉर्ड केल्यावर आवाज लई कर्कश येतोय, काय करावं?

मंगळवारपेठ_गिटार
नमस्कार मंडळी. माझ्याकडं फेंडरचा हॉट रॉड डिलक्स आहे, ४० वॅट, एक बारा इंची स्पीकर. घर मंगळवार पेठेत, जुनं बांधकाम, शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच आणि त्यांच्याकडं तान्हं बाळ आहे, त्यामुळं व्हॉल्यूम कधी दोनच्या वर जातच नाही आणि हा अ‍ॅम्प खुलतो तो तर त्याच्या बराच पुढं गेल्यावर. म्हणून मित्राकडून लोड बॉक्स आणलाय, म्हणजे स्पीकरच्या जागी लावून पॉवर उष्णतेत जिरवणारा डबा, ८ ओहमचा, साधा रेझिस्टिव्ह (आत नुसता रेझिस्टर), कॅब सिम्युलेशन म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल वगैरे काही नाही. अ‍ॅम्पमधून लोड बॉक्स, तिथनं लाइन आउट ऑडिओ इंटरफेसला आणि लॅपटॉपवर रीपर ह्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड. घर शांत, अ‍ॅम्प पाचवर, सगळं झकास, पण ट्रॅक ऐकला की डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज. ट्रेबल शून्यावर नेला तरी तेच. रिअ‍ॅक्टिव्ह लोड घेतला तर हे जाईल का? किमतीत लई फरक आहे म्हणून आधी विचारतोय. आणि बँडमधला एकजण म्हणतोय उद्यमनगरात हिटरची कॉइल टाकून आपणच लोड बनवून घेऊ, ते चालेल का?

राजारामपुरी_मिक्स
भावा, आत्ता लगेच पैसे घालू नकोस. तुझ्या साखळीत स्पीकरच नाही, म्हणून हे होतंय. गिटारचा स्पीकर हा स्वतःच एक मोठा फिल्टर असतो. सेलेस्टियन कंपनी त्यांच्या व्हिंटेज ३० ह्या गिटार स्पीकरची रेंज ७० ते ५००० हर्ट्झ एवढीच देतात, त्याच्या वर आवाज भराभर पडत जातो. ओव्हरड्राइव्हमधनं निघणारा सगळा कचरा त्या ५००० च्या वर असतो, खोलीत तो तुला कधी ऐकूच येत नाही कारण स्पीकर तो गिळतो. लोड बॉक्सच्या लाइन आउटमधनं मात्र तो सगळा जसाच्या तसा येतो. ट्रेबलचा नॉब ह्याला पुरा पडत नाही, त्याचं काम वेगळं.

म्हणून आयआर लावायचा, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. एखाद्या खऱ्या कॅबसमोर खरा माइक लावून त्या दोघांचा मिळून जो फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स येतो तो एका छोट्या वेव्ह फाइलमध्ये पकडलेला असतो. इग्नाइट अ‍ॅम्प्सचा नॅडआयआर हा आयआर लावायचा प्लगइन फुकट आहे, तो टाक. नाहीतर रीपरमधला ReaVerb प्लगइनपण चालतो, फक्त त्यात ड्राय (मूळ आवाज) पूर्ण खाली ओढ आणि वेट (आयआर लागलेला आवाज) ० डीबी ठेव, नाहीतर आयआर लागूनसुद्धा मूळ कर्कश आवाज खालनं मिसळत राहतो आणि वाटतं आयआरच बेकार आहे.

ट्रॅक कायम कोराच रेकॉर्ड कर, आयआर प्लगइनवर ठेव. उद्या मिक्स करताना व्हिंटेज ३० काढून ग्रीनबॅक हा दुसरा स्पीकर लावावासा वाटला तर परत वाजवायला नको, आणि माइक हलवायचा तर नुसती फाइल बदलायची. ह्या एका सोयीसाठी मला लोड बॉक्स माइकपेक्षा प्यारा आहे.

आणि हजार आयआर ऐकत बसू नकोस, कान मरतात. एका कॅबचे, एसएम५७ माइकने घेतलेले तीन घे: माइक डस्ट कॅपच्या (स्पीकरच्या मधल्या टोपीच्या) मधोमध, कॅपच्या कडेला आणि कोनवर (टोपीभोवतीच्या पडद्यावर). मधोमधला सगळ्यात टोकदार, कोनवरचा सगळ्यात मऊ. ऐकायचे ते बेस आणि ड्रम चालू ठेवून. एकट्या गिटारवर जो गोड वाटतो तो पुष्कळदा बँडमध्ये बुडतो.

शॉर्ट_सर्किट_४१६
हिटरच्या कॉइलचा विषय आधी बंद करा राव. हिशोब बघा: हजार वॅटची कॉइल २३० व्होल्टवर, म्हणजे २३० चा वर्ग भागिले १०००, साधारण ५३ ओहम. तुमच्या अ‍ॅम्पला पायजे ८. मग कोणतरी कॉइलचा तुकडा तोडणार, पिळून जोड देणार, तो जोड तापला की सुटणार, आणि अ‍ॅम्प फुल्ल असताना लोड सुटणं ह्याच्यापेक्षा वाईट ट्यूब अ‍ॅम्पला काही नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला वाट मिळत नाही, व्होल्टेज प्रचंड चढतं आणि ट्यूबच्या सॉकेटवर नाहीतर वाइंडिंगच्या आत ठिणगी पडते. वाइंडिंग गेलं तर रिवाइंड करून घ्या नाहीतर नवीन शोधा.

बनवायचाच असेल तर अ‍ॅल्युमिनियम बॉडीचा वायरवाउंड रेझिस्टर, ८ ओहम, २०० वॅट, जाड हीटसिंकवर पेस्ट लावून घट्ट बसवलेला. त्या रेझिस्टरचं रेटिंग हीटसिंक धरूनच दिलेलं असतं, मोकळा लटकवला तर त्याच्या निम्मंसुद्धा झेपत नाही. आणि ४० वॅटचा अ‍ॅम्प क्लिप व्हायला (आवाज फाटायला) लागला की ४० च्या बराच वर जातो हे डोक्यात ठेवा.

अजून एक, अ‍ॅम्प आणि लोड बॉक्सच्या मध्ये स्पीकर केबल लावलीय ना? गिटारची शिल्डेड केबल दिसायला तशीच असते पण आतली तार बारीक, ती तिथं चालत नाही. आजच बघा.

मंगळवारपेठ_गिटार
स्पीकर केबलच आहे, बघितली. नॅडआयआर लावला आणि काय सांगू, फरक लगेच! कॅपच्या कडेचाच ठेवलाय. पण दोन गोष्टी राहिल्यात. पाम म्यूट (तळहातानं तारा दाबून वाजवणं) केल्यावर खोलीत जो धक्का बसतो तो येत नाही, सगळं जरा सपाट वाटतंय. आणि मागं बारीक हम (गुणगुण) आहे, लॅपटॉपचा चार्जर काढला की कमी होतो.

राजारामपुरी_मिक्स
आता रिअ‍ॅक्टिव्हचं बोलू. खरा ८ ओहमचा स्पीकर सगळीकडं ८ ओहम नसतो. खाली शंभर हर्ट्झच्या आसपास त्याचा रेझोनन्स असतो, तिथं इम्पिडन्स (हा ओहममधला विरोध) कितीतरी पट वर जातो, मग ४०० च्या आसपास खाली येतो आणि वरच्या फ्रीक्वेन्सीला व्हॉइस कॉइलमुळं परत चढत जातो. ट्यूब अ‍ॅम्प त्या चढउताराप्रमाणं खाली आणि वर जास्त जोर देतो. तुझा पाम म्यूटचा धक्का तिथनं येतो. साध्या रेझिस्टरला सगळीकडं ८ च, म्हणून सपाट. रिअ‍ॅक्टिव्ह लोडमध्ये कॉइल आणि कपॅसिटर घालून तोच चढउतार तयार केलेला असतो.

तोपर्यंत आयआरच्या आधी एक ईक्यू लाव, १०० च्या आसपास ३-४ डीबी वर, आणि २ किलोहर्ट्झच्या पुढं हळूहळू चढता शेल्फ. ऐकायला पुष्कळ जवळ जातं. बोटांना वाजवताना जे जाणवतं ते मात्र ईक्यूनं येत नाही, कारण पॉवर ट्यूब वेगळ्या पद्धतीनं दबतात. रेकॉर्डिंग मनापासून करणार असशील तर रिअ‍ॅक्टिव्ह घेच, माझं स्पष्ट मत आहे, पण सहा महिन्यांनी घेतलास तरी काही बिघडत नाही.

शॉर्ट_सर्किट_४१६
हम ग्राउंड लूपचा आहे, म्हणजे उपकरणांची अर्थिंग एकापेक्षा जास्त वाटांनी जोडली गेलीय. लोड बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असेल तर दाबून बघा, आणि अ‍ॅम्प, इंटरफेस, लॅपटॉप सगळं एकाच बोर्डवरनं घ्या. कुणीतरी सांगेल अ‍ॅम्पच्या प्लगची जाड अर्थिंगची पिन काढा, ते अजिबात करू नका. आत चारशेच्या वर डीसी व्होल्टेज फिरतंय आणि तुमचा हात तारांवर असतो. जुन्या घरात अर्थिंगच धड नसतं, एकदा वायरमनकडनं मीटरनं तपासून घ्या.

मंगळवारपेठ_गिटार
एकाच बोर्डवर घेतलं, हम जवळजवळ गेला. वायरमनला रविवारी बोलावतोय. शेवटचा प्रश्न, माझ्या अ‍ॅम्पला मागं स्पीकरचे दोन जॅक आहेत, आतला स्पीकर एकात तसाच ठेवून लोड बॉक्स दुसऱ्यात लावला तर?

शॉर्ट_सर्किट_४१६
नाही. दोन्ही पॅरलल होतात, ८ आणि ८ चे ४ ओहम, शिवाय निम्मा आवाज खोलीत येणारच, बाळ उठलं. अ‍ॅम्प बंद करून आतल्या स्पीकरची वायर मेन जॅकमधनं काढा आणि तिथंच लोड बॉक्स लावा. आणि वाजवताना लोड बॉक्सवर पुस्तकं-बिस्तकं ठेवू नका, तो चांगलाच तापतो.