अकरावीला पोर्तुगीज ठेवावी की सोडावी? (मुलगी सायन्सला जातेय)

घमेलंवाला, माशेल

नमस्कार मंडळी. फॉर्म शनिवारपर्यंत भरायचाय, म्हणून घाईत लिहितोय. धाकटी दहावी झाली. इथं गोव्यात आठवीत तिसरी भाषा निवडताना तिनं पोर्तुगीज घेतली होती. कारण? दोघी मैत्रिणींनी घेतली म्हणून. मी कपाळाला हात लावला. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कोंकणी, बिलं इंग्रजीत. त्यात हे आणखी एक कशाला?

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. नववीच्या मे महिन्यात ती गल्ल्यावर बसायची. एक दिवस वही माझ्यापुढे सरकवली. चावी म्हणजे ‘शाव’, बालदी म्हणजे ‘बाल्द’, घमेलं ‘गमेला’, पिंप ‘पीपा’, मेस्त्री ‘मेश्त्र’. ‘‘बाबा, तुमचं अर्धं दुकान पोर्तुगीज आहे.’’ गिऱ्हाईक सुटे पैसे हातात धरून उभं, आणि मी बिजागऱ्यांचा खोका उचलून तिला विचारतोय, ह्याला काय म्हणतात गे? ‘‘बिझाग्रा.’’ त्या दिवसापासून माझं मत जरा हललं, खरं सांगतो.

आता अडचण. अकरावीला इंग्रजीबरोबर एकच भाषा घेता येते. फोंड्याच्या ज्या हायर सेकंडरीत तिला घालायचं चाललंय तिथं पोर्तुगीज नाही, मराठी आहे. पोर्तुगीज हवी तर पणजी. म्हणजे सकाळी कदंबा बस पकडा, बाणस्तारीचा पूल, जुनं गोवं, आणि संध्याकाळी परत येऊन नीटच्या क्लासला फोंड्याला. पोर जेवणार कधी?

शिवाय नववीत टीचर मध्येच सोडून गेल्या आणि तीन महिने तो तास नुसता रिकामा गेला. दहावीत ९१ पडले, पण ती स्वतःच म्हणते की भूतकाळ आला की पाय घसरतो. बायकोचं मत, मराठी घे आणि सुटी कर. मेव्हण्याचं मत, भाषा सोडू नका, पुढे पोर्तुगालच्या पासपोर्टाला उपयोगी पडेल. आणि माझ्या डोक्यात ट्रंकेतले आजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद, सगळे पोर्तुगीजमध्ये. घरचंच कोणीतरी वाचील असं वाटत होतं. काय करावं?

पणजीची मास्तरीण

दादा, मी हीच भाषा शिकवते, म्हणून ‘ठेवा’ असं म्हणेन असं तुम्हाला वाटेल. पण थांबा. दहावीपर्यंत ‘माझं घर, माझं कुटुंब, बाजार’ एवढ्यावर निभतं. पुढे ‘कोंजुंतिव्हु’ येतो: इच्छा, शंका, ‘तू आलास तर बरं होईल’ असली वाक्यं, आणि त्यांची क्रियापदाची वेगळीच रूपं. साधा भूतकाळ डळमळीत असेल तर तिथं मुलं रडकुंडीला येतात. पाया भरून घ्यायला दोन-तीन महिने रोज अर्धा तास लागेल. सायन्सच्या पहिल्या सत्रात तो अर्धा तास मिळणार आहे का, ते तिलाच विचारा.

दुसरं म्हणजे, शाळेचा विषय सोडला म्हणजे भाषा सोडली असं होत नाही. पणजीत पोर्तुगाल सरकारच्या कामोइंश संस्थेचं भाषा केंद्र आहे. लिस्बन विद्यापीठाच्या परीक्षाही असतात, ए-टू म्हणजे प्राथमिक पातळीची ‘सिप्ल’ म्हणतात ती. बारावीनंतरच्या सुटीत तयारी केली तरी चालेल. बोर्डाच्या ९१ पेक्षा बाहेर त्या दाखल्याला जास्त विचारतात.

आणि पोरीला सांगा, बिझाग्रा बरोबर आहे, पण आज पोर्तुगालात दुकानात जाऊन ‘दोब्रादीसा’ मागायची. आपण जुना शब्द जपून ठेवलाय.

फोंडा कोर्टाजवळ

कागदांसाठी म्हणून भाषा ठेवत असाल तर ठेवू नका. मी वीस वर्षं वकिलाकडे कारकुनी करतोय. शाळेची पोर्तुगीज घेऊन आलेली मुलं जुनं खरेदीखत बघून गप्प होतात. एक तर नोटरीचा हात: अख्खी ओळ एका दमात, पेन न उचलता, निम्मे शब्द तोडलेले. त्यात १९११ साली तिकडे शुद्धलेखन बदललं. त्याआधीच्या कागदांत ‘एफ’च्या जागी ‘पीएच’, अक्षरं दुहेरी; शब्दकोशात शोधायला गेलात तर सापडत नाहीत. आणि तुमच्या फोंडा महालातले जुने कागद मोडीतही निघतात, तिथं लिस्बनचाही इलाज नाही.

ट्रंक उघडा, कागद सुटे करा, फोटो काढा आणि जाणकाराकडून वाचून घ्या. लॅमिनेट मात्र करू नका, एकानं केलं आणि शाई प्लास्टिकला चिकटून वर आली.

हां, पोरगी उद्या सायन्स सोडून वकिलीला गेली तर माझं म्हणणं उलटं. वारसाहक्काच्या भानगडींत १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा अजून डोकं वर काढतो. मूळ वाचू शकणारा वकील इथं उपाशी मरत नाही.

दोन पोरांचा बाप

मेडिकलची सीट नीटच्या मार्कांवर मिळते, भाषेच्या नाही. रोजचे दोन तास बसमध्ये घालवू नका. आणि तुमच्या मेव्हण्याला सांगा, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. तो पासपोर्ट घेतला की हा जातो. मग बोला.

घमेलंवाला, माशेल

सगळ्यांचे आभार. मास्तरीणबाईंनी सांगितलं तसं तिलाच विचारलं. हे आधीच करायला हवं होतं. म्हणाली, ‘‘बाबा, मला पोर्तुगीज आवडते, कदंबा आवडत नाही.’’ फोंड्याचा फॉर्म भरला, मराठी घेऊन. भाषा केंद्रात फोन केला होता, पण संध्याकाळची वेळ क्लासवर येते. तेव्हा आता बारावीनंतरच बघायचं.

मेव्हणा रुसलाय. ट्रंक रविवारी उघडली. वरचे चार कागद ठीक आहेत, खालच्यांना वाळवी. फोटो काढून कोर्टाजवळवाल्यांना दाखवायला आणतो.

वही अजून गल्ल्यातच आहे. काल तिनं बिजागऱ्यांच्या खणावर ‘दोब्रादीसा’ अशी चिठ्ठी चिकटवली. संध्याकाळी आमचा नेहमीचा मेस्त्री आला, वाचली, आणि विचारतो, ‘‘ही नवी कंपनी काय? गंजत नाही ना?’’