एक्स्ट्रॅक्टची बिअर खोटी कशी?

जर्सीकर:
काल इथे एका नवख्याला सल्ला मिळाला: "एक्स्ट्रॅक्टच्या नादी लागू नकोस, ती खरी बिअर नव्हे. धान्यापासून करणार असशील तर कर, नाहीतर दुकानातून आण." वाचून डोकं फिरलं. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे माल्टचा, मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, तयार अर्क; पातळ किंवा सुकी भुकटी. भाड्याचं अपार्टमेंट, विजेची शेगडी आणि एक मोठं पातेलं एवढंच ज्याच्याकडे आहे, त्याने बर्नर आणि तीन-तीन भांडी कुठून आणायची?

पाच गॅलन साध्या पेल एलला (फिकट रंगाची बिअर) पाचेक पौंड सुकं एक्स्ट्रॅक्ट, थोडे हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्टचं एक पाकीट पुरतं. अडीच गॅलन पाणी उकळायचं. अर्धं एक्स्ट्रॅक्ट सुरुवातीला घालायचं, उरलेलं शेवटच्या दहा मिनिटांत, म्हणजे रंग काळवंडत नाही. घालताना पातेलं शेगडीवरून उतरवा, नाहीतर बुडाला करपतं. मग सिंकमध्ये बर्फात गार करून वरून पाणी घालायचं. पैसे खर्च करायचेच तर फूड-ग्रेड बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी झडप), हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन), कॅपर (बाटलीला झाकण बसवायचं यंत्र) आणि स्टार सॅन या जंतुनाशकावर करा. बिअर बिघडते ती अस्वच्छतेने आणि उष्णतेने. एक्स्ट्रॅक्टला कशाला बोल लावता?

माल्टवाला:
तो सल्ला माझाच होता आणि मी तो मागे घेत नाही. तुमचा हिशेब अर्धवट आहे. त्याच बिअरला साडेआठ-नऊ पौंड धान्य लागतं आणि ते एक्स्ट्रॅक्टपेक्षा स्वस्त पडतं, दर बॅचला. तीन भांडी कोण सांगतंय? जाळीची एक पिशवी घ्या, त्याच पातेल्यात 67 अंशांवर तासभर धान्य भिजवा, पिशवी उचला, झालं. शेगडी लहान असेल तर दोनच गॅलन करा. आणि दुकानात पडून राहिलेल्या पातळ एक्स्ट्रॅक्टच्या डब्याची ती शिळी, काकवीसारखी चव ज्याने घेतली असेल त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

मीनल, लीड्स:
म्हणून तर ते सुकं एक्स्ट्रॅक्ट म्हणाले! नीट वाचा की. आमच्याकडे 1963 मध्ये घरच्या बिअरचा परवाना रद्द झाला, तेव्हापासून लोक डब्यातल्या एक्स्ट्रॅक्टवरच शिकले. 2023 मध्ये विल्को ही दुकानांची साखळी बुडाल्यावर मात्र चौकातलं स्वस्त सामान गेलं. नवख्यांनी एक करा: डब्यावर "एक किलो साखर घाला" लिहिलेलं असतं, तिथे साखरेऐवजी सुकं एक्स्ट्रॅक्ट घाला. साखरेने बिअर पाणचट होते.

पुण्याचा सम्या:
बहीण दिवाळीला अमेरिकेतून येतेय. सुक्या एक्स्ट्रॅक्टची तीन पौंडांची पिशवी मागवू का?

वकीलकाका:
पिशवी मागव, पण तिची बिअर करू नकोस. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरी मद्य करणं गुन्हाच, मग ते एक लिटर का असेना.

सुधाकर:
बरोबरच आहे. घरची दारू म्हणजे जिवाशी खेळ. 2015 चं मुंबईतलं मालवणीचं विषारी दारूकांड विसरलात? शंभरावर माणसं गेली.

जर्सीकर:
सुधाकरराव, त्या दारूत मिथेनॉल मिसळलेलं होतं. माल्ट आंबवून माणूस आंधळा होत नाही. अमेरिकेत 1979 पासून मोकळीक आहे, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन.

रानमोहर:
आता मी बोलते. माझं माहेर गडचिरोलीचं. 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी, आणि आमच्याकडे मोहाच्या फुलांशिवाय देवाचं काम पुरं होत नाही. आजीच्या घरात शिरून मडकी फोडलेली मी पाहिली आहेत. तुम्ही परदेशात बादल्या मांडल्या की छंद, आणि तिने मडकं मांडलं की गुन्हेगार?

सुधाकर:
त्याच मडक्यांनी घरं उद्ध्वस्त झाली, ताई. ही बंदी तुमच्याच जिल्ह्यातल्या बायकांनी झगडून आणली.

रानमोहर:
आणली, मान्य. त्या बायकांमध्ये माझी मावशी होती. पण ती विकणाऱ्यांविरुद्ध उभी राहिली होती, आजीच्या मडक्याविरुद्ध नव्हे. हा फरक कायद्याला दिसत नाही, आणि तुम्हालाही दिसत नाही.

वकीलकाका:
कायदा बदला म्हणा, मी सही करतो. पण तोवर सम्याला इथे कुणी चढवू नका.

माल्टवाला:
मूळ प्रश्न कुठल्या कुठे गेला. ठीक आहे जर्सीकर, पहिली बॅच करू देत एक्स्ट्रॅक्टवर. सुकं आणि ताजं हवं, एवढं बोलून गप्प बसतो. पण ज्याला दर महिन्याला करायचीय त्याने धान्य आणि जाळीच्या पिशवीवर यावं. तुम्ही वर्षानुवर्षं एक्स्ट्रॅक्टचे जादा पैसे मोजा, मी अडवत नाही.

नवखा, टेक्सास:
तो सल्ला मलाच होता. सुकं एक्स्ट्रॅक्ट घेतोय. पण ऑगस्टमध्ये घर 26 अंशांवर असतं, चालेल?

जर्सीकर:
नाही. आंबताना बादली आतून आणखी तापते. ती पाण्याच्या टबात ठेव, भोवती ओला टी-शर्ट गुंडाळ, सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या बदल. पहिले चार दिवस 18 ते 20 अंश सांभाळ.

माल्टवाला:
आणि हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस हलला नाही तरच बाटल्या भर, नाहीतर फुटतील. बाटलीत फेस यायला पाच गॅलनला 115 ग्रॅम कॉर्न शुगर पुरे. बाटल्या ओपनरने उघडणाऱ्याच घे, फिरकीच्या झाकणाच्या नकोत. त्यांवर कॅप नीट बसत नाही.