रेयॉनही कागदासारखंच जळतं
धागा जाळल्यावर कागदासारखा वास आला आणि भुरभुरीत राख पडली की कापड शुद्ध सुती, असं बरेच जण सांगतात. पॉलिस्टर पकडायला ठीक आहे, त्याचा वितळून कडक मणी होतो, पण रेयॉन पण अगदी सुतासारखंच जळतं कारण तेही सेल्युलोजच (झाडांमधला तंतुमय पदार्थ), लाकडाच्या लगद्यातून काढलेलं, आणि कॉटन म्हणून गळ्यात मारतात ते बरेचदा हेच. त्यापेक्षा कडेचा एक धागा उसवा, मधोमध पाण्याचं बोट लावा (थुंकी पण चालते) आणि दोन्हीकडून ओढा. रेयॉन ओलं झालं की कमजोर पडतं, ओल्या जागीच पटकन तुटतं, सुती धागा उलट ओला असताना जास्त चिवट. रेयॉनचे कुर्ते मी म्हणूनच कधी पिळत नाही, नुसते निथळत ठेवते. आणि हो, उभा-आडवा दोन्ही धागे तपासा, ताणा (उभा धागा) एकाचा आणि बाणा (आडवा) दुसऱ्याचा असं सर्रास असतं.