प्राचीन चिनी वैद्यकाचे तत्त्वज्ञान अभ्यासायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी?

वैद्य_राजारामपुरी :

नमस्कार. मी आयुर्वेदाची पदवीधर असून गेली अकरा वर्षे कोल्हापुरात रुग्ण तपासते आहे. दोन वर्षांपूर्वी ॲक्युपंक्चरचा एक अल्पमुदतीचा वर्ग केला. तेथे बिंदूंची नावे आणि कोणत्या तक्रारीला कोणता बिंदू याची कोष्टके पाठ करून घेतली. पण 'हाच बिंदू का?' असे विचारले की 'तेथून ची वाहते' एवढेच उत्तर मिळे, आणि ची म्हणजे काय असे विचारले की 'तुमचा प्राणच' असे सांगून विषय मिटवला जाई. त्यांची पाच तत्त्वे म्हणजे आपली पंचमहाभूते, असे समीकरणही फळ्यावर मांडले होते. आकाश आणि वायू त्यांच्या यादीत नाहीत, लाकूड आणि धातू आपल्या यादीत नाहीत, हे वर्गात कोणालाही खटकले नाही.

मला या शास्त्राची विचारपद्धती मुळातून समजून घ्यायची आहे. चिनी भाषा येत नाही, इंग्रजी ग्रंथ वाचता येतात. कोणत्या ग्रंथापासून आणि कोणत्या क्रमाने वाचावे? आयुर्वेदाची पार्श्वभूमी येथे उपयोगी पडेल की आड येईल?

जुना_वाचक :

डॉक्टर, आपल्याला जे खटकले तेच या अभ्यासाचे दार आहे. मूळ शब्द 'वूशिंग' असा आहे. वू म्हणजे पाच आणि शिंग म्हणजे चालणे, जाणे. पदार्थ कशाचा बनला आहे, या प्रश्नाचे उत्तर महाभूत देते. आता काय चालले आहे आणि यानंतर काय येणार, या प्रश्नाचे उत्तर शिंग देते. लाकडातून अग्नी, अग्नीतून राखेच्या रूपाने माती, मातीतून धातू, धातूतून पाणी आणि पाण्यातून पुन्हा लाकूड, हा जननाचा क्रम झाला. पाणी अग्नीला, अग्नी धातूला, धातू लाकडाला, लाकूड मातीला आणि माती पाण्याला आवरते, हा नियमनाचा क्रम झाला. एक पाऊल सोडून पुढच्याला आवरायचे, अशी ही रचना आहे. म्हणून 'तत्त्व' हा शब्द मी टाळतो. माझ्या वहीत 'पाच चाली' असे लिहिलेले आहे. बुद्धिबळाची आठवण होते खरी, पण अर्थ त्यातल्या त्यात जवळ जातो.

मूळ ग्रंथ 'ह्वांगदी नेइजिंग'. त्याचे 'सूवेन' आणि 'लिंगशू' असे दोन भाग आहेत आणि प्रत्येकात ८१ अध्याय आहेत. सम्राट प्रश्न विचारतो आणि बहुतेक ठिकाणी ची-बो नावाचा वैद्य उत्तर देतो, त्यामुळे चरकसंहितेतील आत्रेय आणि अग्निवेश यांच्या संवादाची सवय असलेल्या आपल्याला हा घाट परका वाटणार नाही. मात्र तो एका हातचा ग्रंथ नाही. निरनिराळ्या परंपरांचे लेख त्यात एकत्र आले आहेत, आणि आज उपलब्ध असलेले सूवेन इ.स. ७६२ मध्ये वांग बिंग याने संपादित केलेल्या प्रतीवरून आलेले आहे. त्याने सात दीर्घ अध्याय स्वतःच्या संग्रहातून जोडले. चरकसंहिता दृढबलाने पूर्ण केली हे आपण विद्यार्थिदशेत शिकला आहातच, तेव्हा दोन अध्यायांत विसंगती दिसली तर बिचकू नये.

सूवेनचा पहिला, दुसरा, पाचवा, आठवा आणि बारावा अध्याय या क्रमाने घ्यावा, आणि त्यानंतर लिंगशूचा पहिला. १९४९ मध्ये आलेल्या इल्झा वीथ यांच्या अनुवादात सूवेनचे पहिले ३४ अध्यायच आहेत. वाचायला तो सोपा आहे, पण आता जुना झाला. पॉल उन्शुल्ड आणि हेरमान टेसेनो यांचा २०११चा अनुवाद टिपांनी भरलेला आणि संथ आहे, तरी घ्यायचा तर तोच. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी म्हटले आहे की, रोग झाल्यावर औषध देणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. मी ते प्रथम वाचले तेव्हा अनुवादकाने मराठी म्हण उचलली की काय, असा क्षणभर भास झाला होता.

आणखी एक सावधगिरी. आज क्रमिक पुस्तकांत जे 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणून शिकवले जाते, त्याची मांडणी बऱ्याच अंशी १९५०च्या दशकातली आहे. बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि चंग्दू येथील पहिली चार सरकारी महाविद्यालये १९५६ मध्ये निघाली आणि त्यांच्यासाठी जुन्या साहित्याला एकसाची रूप द्यावे लागले. आपल्या वर्गातील कोष्टके त्या घराण्यातली आहेत. ती चुकीची नव्हेत, पण प्राचीन म्हणून ती वाचू नयेत.

पाटबंधारे_निवृत्त :

मी वैद्यकातला नाही. बत्तीस वर्षे पाण्याच्या खात्यात काढली आणि गुडघेदुखीच्या निमित्ताने लिंगशू हाती आले. त्यातील ज्या भागाने मला धरून ठेवले, तो कोल्हापूरच्या माणसाला नकाशाशिवाय समजेल. प्रत्येक वाहिनीवर, म्हणजे ची वाहण्याच्या मानलेल्या मार्गावर, बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, किंवा पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत, पाच प्रकारची स्थाने सांगितली आहेत : विहीर, झरा, ओढा, नदी आणि संगम. आपल्याकडे सह्याद्रीच्या अंगाला पाणी पाझरते, त्याचे ओहोळ होतात, कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, आणि ती पुढे नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. फुप्फुसाच्या वाहिनीची 'विहीर' अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्याशी आहे आणि 'संगम' कोपराच्या वळीत. नखाशी पाणी उथळ, कोपराशी खोल. म्हणून एकाच वाहिनीवर असूनही दोन्ही स्थानांचे काम एक मानलेले नाही.

रिक्तता आणि पूर्णता या त्यांच्या जोडीचेही तसेच. कोल्हापुरी बंधाऱ्याला पावसाळ्यानंतर बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की वरच्या अंगाला फुगवटा चढतो आणि खालचे पात्र उघडे पडते. अडथळा एकच, पण वर पूर्णता आणि खाली रिक्तता. जूनच्या आधी बर्गे काढायला उशीर झाला तर काय होते, ते शिरोळच्या शेतकऱ्याला विचारावे.

मात्र एका ठिकाणी माझा हिशेब जुळत नाही. हीच फुप्फुसाची वाहिनी छातीतून निघून अंगठ्याकडे वाहते, असे तोच ग्रंथ अन्यत्र सांगतो. मग विहीर अंगठ्याशी आणि संगम कोपराशी कसा? पाणी चढाला लागले काय?

एमडी_मेडिसिन :

अभ्यासाला माझा आक्षेप नाही, परंतु दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा अनेकांनी ते प्राचीन सिद्धान्ताचे यश मानले. चौथ्या शतकातील ग हुंग याच्या पुस्तकात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यावा असे लिहिले होते. उकळायला सांगितलेले नाही, हे लक्षात येऊन त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला आणि हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हाती आले. ग्रंथाने दिशा दिली, पण औषध सिद्ध झाले ते प्राण्यांवरील आणि माणसांवरील चाचण्यांनी. यिन-यांग ही परस्परपूरक जोडीची कल्पना तेथे सिद्ध झाली नाही.

दुसरे भाषांतराचे. त्यांच्या 'पी' या शब्दाला इंग्रजीत प्लीहेचे नाव दिले आहे. शस्त्रक्रियेने प्लीहा काढलेला माणूस जेवतो आणि पचवतो. उलट अन्नाचे रूपांतर करून ते शरीरभर पोहोचवणे हे तर 'पी'चे मुख्य कार्य मानले आहे. ही नावे कार्यांची आहेत असे समजून वाचले तर भांडण बरेच कमी होते.

वैद्य_राजारामपुरी :

सर्वांचे आभार. सांगितलेल्या अध्यायांपैकी दुसरा आणि बारावा वाचून झाला. बाराव्यातील प्रदेशांची मांडणी फार आवडली : पूर्वेकडे मासे आणि मीठ खाणाऱ्या लोकांना गळवे होतात म्हणून तेथून दगडी सुया आल्या, पश्चिमेकडून औषधे, थंड उत्तरेकडून शेक, दक्षिणेकडून नऊ प्रकारच्या सुया, आणि मधल्या सपाट, दमट मुलखातून व्यायाम व मर्दन. म्हणजे सुई हा त्यांच्या लेखी पाच उपायांतील एक. आमच्या गल्लीतील तालमीत सकाळी पैलवानांचे अंग रगडणारे वस्ताद यांतील नेमक्या कोणत्या दिशेला बसतील, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते खूश झाले.

'प्लीहा' हा शब्द माझ्या टिपणांतून खोडून 'पी' असाच ठेवला आहे. आयुर्वेद आड येतो तो नेमका अशा ठिकाणी, कारण ओळखीचा शब्द दिसला की मी पुढचे वाक्य न वाचताच अर्थ लावून मोकळी होते. मात्र पाण्याच्या चढाचा प्रश्न मलाही सुटलेला नाही.

जुना_वाचक :

पाटबंधारे साहेबांची शंका रास्त आहे. १९७३ मध्ये चीनमधील चांग्शाजवळील मावांगदुई येथे, इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेल्या एका थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकीय लेख सापडले. त्यांत वाहिन्या बारा नसून अकरा आहेत, सुई टोचण्याचे बिंदू नाहीत, उपाय शेकाचा आहे. आणि त्यांतील एका लेखात अकराही वाहिन्या हातापायांच्या टोकांकडून धडाकडे जातात. विहिरीपासून संगमापर्यंतचा क्रम त्या जुन्या कल्पनेशी जुळतो. सर्व वाहिन्या एकमेकींना जोडून अखंड फिरणारे चक्र मानण्याची कल्पना नंतरची, आणि ती आल्यावरही जुना क्रम कोणी काढून टाकला नाही. म्हणून फुप्फुसाच्या वाहिनीवर दोन नकाशे एकावर एक पडलेले दिसतात. लिंगशूचा पहिला अध्याय वाचताना प्रत्येक परिच्छेदाशी समासात 'आत' (टोकांकडून धडाकडे) किंवा 'चक्र' एवढेच लिहीत जावे. मी तसे केले तेव्हा दहाव्या अध्यायापर्यंत गोंधळ पुष्कळ निवळला होता.